दोन राज्यांमधल्या पट्ट्याच्या अभ्यासाला पैसा कोण देणार?

म्हैसूर शहराच्या उत्तरेला, कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेटगळ्ळी लागते. एके काळचे हे गाव आता कारखान्यांची वसाहत झाले आहे. रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या नोट मुद्रण कंपनीचा छापखाना याच परिसरात आहे. इथे छापल्या जाणाऱ्या नोटेच्या मागच्या बाजूला तिची किंमत पंधरा भाषांत एकाखाली एक लिहिलेली असते. त्या रांगेत कन्नड आणि मराठी यांच्यामध्ये फक्त काश्मिरी, कोकणी आणि मल्याळम एवढ्याच भाषा आहेत.

नकाशावर मात्र या दोन भाषांच्या मध्ये काहीच नाही. त्या एकमेकींत शिरलेल्या आहेत. निपाणी, चिकोडी, अथणी, मिरज, जत, मंगळवेढा, अक्कलकोट, आळंद, बिदर, उदगीर असा हा लांबलचक पट्टा आहे. इथला माणूस बाजारात एक भाषा बोलतो, घरात दुसरी, आणि देवळात कधी तिसरीच ऐकतो. भारतीय भाषांचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची संस्था, भारतीय भाषा संस्थान, १७ जुलै १९६९ पासून म्हैसुरातच आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पुराभिलेख शाखेचे मुख्यालयही १९६६ पासून तिथेच आहे. म्हणजे भाषांचे जाणकार आणि शिलालेखांचे वाचक एकाच शहरात बसलेले आहेत. तरीही मराठी आणि कन्नड यांच्या मधल्या पट्ट्याचा सलग, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी अभ्यास करण्यासाठी कायमचा निधी आजही कुणाच्या अंदाजपत्रकात नाही.

सीमा इथे राज्यांची आहे, देशांची नाही. मग आंतरराष्ट्रीय सहकार्याचा प्रश्न येतोच कुठे, असे कुणी विचारील. तो येतो, कारण या पट्ट्याविषयी जगाला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे परदेशी पैशातून आणि परदेशी-भारतीय भागीदारीतून आलेले आहे. त्या भागीदारीचा इतिहास पाहिला की पुढे काय करायला हवे तेही दिसू लागते.

सुरुवात पुण्यात झाली. १९५४ पासून डेक्कन कॉलेजात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाशास्त्राचा मोठा प्रकल्प चालला. सुमित्र मंगेश कत्रे तेव्हा तिथे संचालक होते. त्यांनी स्वतः कोकणीच्या घडणीवर लिहिले होते, त्यामुळे भाषांच्या सरमिसळीचे मोल त्यांना सांगावे लागत नव्हते. उन्हाळी वर्ग भरू लागले, तरुण भारतीय अभ्यासक अमेरिकेत गेले आणि अमेरिकन अभ्यासक इकडे आले. विल्यम ब्राइट कन्नडच्या बोलीवर काम करायला आले आणि त्यांचे बोली कन्नडवरचे पुस्तक १९५८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापले. कन्नडचा अभ्यास, अमेरिकन अभ्यासक, पुण्याचा प्रकाशक: सहकार्य यालाच म्हणतात. पुढे १९६१ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज सुरू झाली तीही डेक्कन कॉलेजच्याच आधाराने. त्या काळात भारताने अमेरिकेकडून घेतलेल्या गव्हाची किंमत रुपयांत चुकती केली होती. पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखालच्या त्या रुपयांपैकी काही भाग अशा संशोधनाकडे वळला. टंचाईच्या वर्षांतल्या मिलो-गव्हाच्या आठवणी महाराष्ट्रात अजून निघतात. त्याच व्यवहारातून अभ्यासालाही पैसा मिळाला हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

या सगळ्यातून निघालेले सर्वांत गाजलेले काम सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचे आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी साठच्या दशकात तीनेक हजार वस्तीच्या या गावाची भाषा अभ्यासली. जैन आणि लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित आणि भूमिहीन मराठी, आणि दोर वळणारी काही घरे तेलुगू. शतकानुशतके एकमेकांच्या शेजारी राहून या भाषांचे व्याकरण इतके जवळ आले होते की एका भाषेतले वाक्य शब्दागणिक शब्द बदलून दुसऱ्या भाषेत जवळपास जसेच्या तसे नेता यावे. शब्द प्रत्येकाने आपापले राखले होते, वाक्याची मांडणी मात्र सामाईक झाली होती. घरात कोणती भाषा बोलायची यावरून जात-धर्माची ओळख टिकत होती आणि शेतात, बाजारात काम अडू नये म्हणून व्याकरण वाकत होते. १९६८ मध्ये जमैकात भरलेल्या परिषदेतून निघालेल्या आणि १९७१ साली छापलेल्या ग्रंथात हा निबंध आला. तेव्हापासून भाषासंपर्काच्या जगभरच्या अभ्यासक्रमांत कुपवाडचे नाव सतत येत राहिले आहे.

मिरजेच्या शाळेत ते शिकवतात का?

हा प्रश्न कडवटपणाने विचारलेला नाही. अनुदान कसे आखले जाते, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. संशोधनाचे अनुदान साधारणपणे तीन वर्षांचे असते. त्यातले पहिले वर्ष परवानग्या, व्हिसा आणि ओळखी करण्यात जाते, शेवटचे अहवाल लिहिण्यात. भाषा बदलायला मात्र एक पिढी लागते. गम्पर्झ-विल्सन यांच्या कामानंतर डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी पुन्हा कुपवाडला गेल्या. जुना निष्कर्ष आज कितपत टिकतो याची त्यांनी केलेली तपासणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. मधल्या चाळीसहून अधिक वर्षांत कुपवाड सांगली-मिरजेच्या महानगरपालिकेत गेले आणि तिथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. मेटगळ्ळीच्या वाट्याला जे आले तेच थोड्याफार फरकाने कुपवाडच्याही आले. बाहेरून कामगार येतात, शाळेची भाषा बदलते, शेताच्या बांधावरचे बोलणे कमी होते. हे घडत असताना दर दहा वर्षांनी कुणी तिथे जाऊन ध्वनिमुद्रण केले असते तर आज जगात दुसरीकडे कुठेही नाही असा साठा आपल्या हातात असता. तो नाही, कारण असे काम मागणारे अनुदानच नव्हते.

याहून जुनी त्रुटी ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातली आहे. भारतातल्या भाषांच्या त्या प्रचंड सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली आला आणि द्राविड भाषांचा पुढच्याच वर्षी. पण या सर्वेक्षणातून मद्रास इलाखा, म्हैसूर संस्थान आणि निजामाचे हैदराबाद वगळलेले होते. परिणाम असा झाला की बेळगाव-विजापूरची बोली नोंदली गेली, कारण ते जिल्हे मुंबई इलाख्यात होते. बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद निजामाकडे असल्याने सुटले. हद्द कुणाच्या राज्याची यावर अभ्यास कुठे थांबायचा ते ठरले. पैसा आजही राज्यनिहाय आणि भाषानिहाय वाटला जातो, त्यामुळे तीच गोष्ट वेगळ्या रूपात चालू आहे. कन्नडला अभिजात भाषेचा दर्जा २००८ साली मिळाला, मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये. दोन्ही निर्णय योग्यच होते आणि त्यातून येणारा निधी दोन्ही भाषांच्या हक्काचा आहे. पण तो दोन वेगळ्या नळांतून येतो. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या पायाशी ती मूर्ती घडवून घेणाऱ्या चामुंडरायाचे नाव कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेले आहे. त्या एका दगडाचा अभ्यास कोणत्या अभिजात भाषेच्या खात्यातून करायचा?

देवांच्या बाबतीतही तेच. खंडोबाची ठाणी जेजुरी, पाली, नळदुर्ग अशी महाराष्ट्रात आहेत, तशीच बेळगाव जिल्ह्यातले मंगसुळी, तुंगभद्रेकाठचे मैलार आणि बिदरजवळचे आदिमैलार कर्नाटकात आहेत. हायडलबर्ग विद्यापीठाच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमधले गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर १९७६ साली जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. धनगरांच्या मागोमाग फिरत, त्यांच्या ओव्या ऐकत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. तो ग्रंथ १९८९ साली इंग्रजीत आणला ॲन फेल्डहाउस यांनी. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ साली मराठीत आला. पंढरीच्या ‘कानडा’ विठ्ठलाची मुळे शोधताना त्यांनी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र एकत्र वाचले. त्याचाही इंग्रजी अनुवाद फेल्डहाउस यांनीच केला आणि तो २०११ साली निघाला, म्हणजे तब्बल २७ वर्षांनी. ढेरे यांच्याही आधी धारवाडला शं. बा. जोशी कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहीत होते. त्यांचे ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ १९५२ सालचे. या थोर माणसांनी सीमा ओलांडली ती आपल्या व्यासंगाच्या बळावर. असा माणूस पिढीत एखादाच होतो. त्याची वाट पाहत बसणे हे धोरण होऊ शकत नाही.

आजचे धोरण कुठे अडते ते नीट पाहायला हवे, कारण अडचण इच्छेची कमी आणि नियमांची जास्त आहे. परदेशी विद्यापीठांबरोबरच्या संशोधनासाठी केंद्र सरकारची स्पार्क ही योजना २०१८ साली सुरू झाली. तिच्यासाठी ४१८ कोटी रुपये आणि ६०० संयुक्त प्रकल्प असा आराखडा होता आणि खरगपूरच्या आयआयटीकडे समन्वय होता. योजना चांगली, पण भारतीय बाजूने अर्ज करायला संस्था राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात असावी अशी अट होती. सीमेवरची महाविद्यालये आणि लहान विद्यापीठे तिथेच मागे पडतात. ज्या शिक्षकाला दोन्ही भाषा येतात, ज्याचा मामा अथणीला आणि आत्या मिरजेला आहे, तो बहुधा अशाच संस्थेत नोकरी करतो.

दुसरी अडचण परदेशी निधीच्या कायद्याची आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेला निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच हवे आणि प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला गेला. कॅगच्या लेखापरीक्षणाखाली येणाऱ्या काही वैधानिक संस्थांना सूट आहे, ती सोडली तर खाजगी विश्वस्त संस्था, महाविद्यालये, इतिहास मंडळे या सगळ्यांना हे लागू होते. समजा, जर्मनीतल्या एखाद्या विद्यापीठाने पुण्याच्या नोंदणीकृत संस्थेला सीमाभागाच्या प्रकल्पासाठी पैसे दिले. पुण्याच्या संस्थेला त्यातला वाटा बेळगावच्या किंवा बिदरच्या सहकारी संस्थेला देता येणार नाही. त्या प्रत्येकीने स्वतंत्र नोंदणी करायची. परदेशी पैशावर देखरेख असावी यात वाद नाही; देशाच्या सुरक्षेचा विचार सरकारने केलाच पाहिजे. पण ज्या कामाचा आत्माच भागीदारी आहे, त्यात पैसा मोठ्या शहरातल्या एकाच संस्थेत अडकून राहतो. मग बेळगावचा अभ्यासक भागीदार न राहता रोजंदारीचा माहिती गोळा करणारा बनतो आणि निबंधाखाली त्याचे नाव तळटीपेत जाते. संशोधन अनुदानासाठी, दोन नोंदणीकृत शैक्षणिक संस्थांमध्ये, लेखी करार आणि लेखापरीक्षण असताना वाटा देण्याची मुभा केंद्राने द्यावी. एवढ्या एका सुधारणेने बरेच दरवाजे उघडतील.

जगात अशी उदाहरणे आहेत. फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या मधल्या ऱ्हाइन खोऱ्यातली बाझेल, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह, स्ट्रासबुर्ग आणि ओत-अल्सास ही विद्यापीठे १९८९ पासून युकोर या नावाखाली एकत्र आहेत. त्यातला अल्सास १८७१ ते १९४५ या काळात चार वेळा एका देशाकडून दुसऱ्याकडे गेला. तिथल्या एकाच घरात आजोबा जर्मन सैन्यात आणि नातू फ्रेंच सैन्यात असे घडले आहे. इतकी जखमी सीमा असूनही तिथली विद्यापीठे नव्या संयुक्त प्रकल्पांना सुरुवातीचा निधी देतात आणि प्रकल्प सीमेपलीकडच्या भागीदाराशिवाय उभा राहत नाही. शिवाय युरोपीय संघाचा इंटररेग हा कार्यक्रम १९९० पासून सीमाभागांतल्या संयुक्त कामांवर खर्च करतो. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ यांच्यात शंभरेक किलोमीटरचे अंतर आहे. त्यांच्या मधल्या सीमेवर कधी रणगाडे फिरले नाहीत.

मात्र इथे कोर्टाचे कागद आहेत, आणि हा भाग टाळून पुढे जाता येणार नाही. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आणि डिसेंबर २०२२ मध्ये ८६५ गावांसाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एकमताने केलेला ठराव, हे सगळे जिवंत आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाने भोगलेले खरे आहे, त्याच्या मागण्याही खऱ्या आहेत. अशा ठिकाणी कोणत्या गावात कोण कोणती भाषा बोलतो ही माहिती निव्वळ शास्त्रीय राहत नाही. ती उद्या पुरावा म्हणून वापरली जाऊ शकते. म्हणून गावातली माणसे ध्वनिमुद्रकासमोर गप्प होतात, किंवा विचारणारा कोण आहे ते पाहून मातृभाषा सांगतात. दोन्ही सरकारांना असे संशोधन नकोसे वाटते याचे मोठे कारण हेच असावे.

पण याच कारणासाठी निधी संयुक्त हवा. एका राज्याने पैसे दिलेल्या सर्वेक्षणावर दुसरे राज्य विश्वास ठेवणार नाही आणि परदेशी पैशातून झालेल्या सर्वेक्षणावर दोघेही ठेवणार नाहीत. दोन्ही राज्ये, केंद्राची एक संस्था आणि एक किंवा दोन परदेशी विद्यापीठे असा चौकोन असेल तर निष्कर्षाला वजन येईल. गावनिहाय भाषिक संख्या प्रसिद्ध करायची नाही आणि बोलणाऱ्याची ओळख उघड करायची नाही, अशी अट करारातच घालता येते. व्याकरण, ओव्या, जात्यावरची गाणी, मेंढपाळांच्या वाटा, हटकरांच्या आणि कुरुबांच्या देवांच्या कथा यांचा अभ्यास कुठल्या दाव्यासाठी नसतो. दिवाळीत मंगळवेढा तालुक्यात हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेसाठी दोन्ही राज्यांतून पालख्या येतात, तेव्हा कुणी कुणाचे सातबारे तपासत नाही.

हा निधी सांभाळायला नवी इमारत बांधायची गरज नाही. भारतीय भाषा संस्थानाची प्रादेशिक केंद्रे १९७० पासून आहेत. दक्षिणेचे म्हैसुरात आहे, तिथे कन्नड शिकवतात. पश्चिमेचे पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे, तिथे मराठी शिकवतात. देशभरच्या राज्यांतून शाळांचे शिक्षक या केंद्रांत दहा महिन्यांसाठी दुसरी भाषा शिकायला येतात. म्हणजे एकाच संस्थेची दोन टोके सीमेच्या दोन बाजूंना आधीच आहेत आणि दुसरी भाषा शिकलेले शिक्षकही तयार होत आहेत. सीमाभागातल्या अशा शिक्षकांना क्षेत्रकार्याची वृत्ती द्यावी, रजा द्यावी आणि निबंधावर सहलेखक म्हणून त्यांचे नाव असावे. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणे लोकांसाठी खुली केली. कामाची पद्धत, प्रश्नावली, अनुभव सगळे तिथे आहे. कन्नड बाजूने तेवढेच सक्षम भागीदार धारवाड आणि म्हैसूरला आहेत.

साठा कुठे राहणार, हाही अनुदानाच्या करारातला पहिल्या पानाचा प्रश्न आहे. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त अभिलेखांच्या कार्यक्रमाने २००४ पासून एक नियम पाळला आहे: मूळ कागदपत्र देशाबाहेर जात नाही आणि डिजिटल प्रत मूळ ठिकाणी राहते. ग्रियर्सनच्या काळातली आपल्या भाषांची ध्वनिमुद्रणे आज ऐकायची तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जावे लागते. त्यांनी ती जपली, खुली केली, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पुढच्या साठ्याची एक प्रत म्हैसुरात, एक पुण्यात आणि एक त्या तालुक्याच्या वाचनालयात असली पाहिजे. अहवाल मराठीत आणि कन्नडमध्ये इंग्रजीइतकाच पूर्ण हवा, सारांश नव्हे. अनुवादाला २७ वर्षे लागू नयेत यासाठी अनुवादाचा खर्च मूळ अर्जातच धरावा लागेल. आणि मुदत तीन वर्षांची न ठेवता किमान सात वर्षांची ठेवावी, दर तीन वर्षांनी आढावा घेऊन.

पैसा फार लागत नाही. ध्वनिमुद्रक, एसटीचे भाडे, दोन भाषा जाणणारी माणसे, त्यांचे मानधन, एक चांगला संग्रहक. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी वर्षाला प्रत्येकी पाच कोटी रुपये बाजूला काढले आणि तेवढेच परदेशी भागीदारांनी घातले तर एक पिढी पुरेल असे काम उभे राहील. मुंबई आणि बेंगळुरूच्या सरकारांनी हा ठराव एकाच दिवशी करावा. न्यायालयातल्या कुठल्याही भूमिकेला त्याने बाधा येत नाही, हेही त्यात लिहून टाकावे. कामाची सुरुवात मिरज ते मंगसुळी या छोट्या टापूत करता येईल. कुपवाडचा जुना अभ्यास त्याच्या एका टोकाला आहे, खंडोबाचे ठाणे दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या गावांत अजून चार-चार भाषा समजणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यांच्याकडे जायचे तर पुढच्या काही वर्षांतच जायला हवे.